काडाचं पोलिश झुंबर: पायोंक

पोलंडमधल्या खेड्यातलं सजवलेलं घर म्हटलं की सगळे झालिप्ये गावातल्या फुलं रंगवलेल्या भिंती दाखवतात. माझी नजर मात्र आधी तुळईकडे जाते, तिथे टांगलेल्या पायोंककडे. वोविच आणि कुर्पिए भागात बायका नाताळ-ईस्टरच्या आधी काड, दोरा आणि रंगीत कागद घेऊन हे झुंबर करायच्या आणि घरातल्या चांगल्या खोलीत लावायच्या.

काड राय धान्याचं, विळ्याने कापलेलं घ्या. यंत्रातून निघालेलं चेपलेलं असतं, ते घेऊच नका. वरचं पातं सोलून काढा. सांध्यातून सुई जात नाही, म्हणून दोन सांध्यांमधलं पोकळ पेर तेवढं कामाचं. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवलंत तर कापताना चिरत नाही. आठ सेंटिमीटरचे बारा तुकडे करा. एक आधी मापून घ्या आणि बाकीचे त्याच्याशीच लावून कापा. इथे आळस केलात तर पुढे सगळं तिरकं होणार.

लांब सुईत सुती दोरा ओवून चार तुकड्यांचा चौकोन बांधा. प्रत्येक कोपऱ्यातून एकेक तुकडा वर घ्या आणि चारही टोकं एकत्र बांधा. मग तसंच खालच्या बाजूला. तोवर ही वस्तू हातात लुळी पडत राहते, चौकोन मनाला येईल तसा कलतो. शेवटच्या गाठीचा दोरा ओढला की आठही त्रिकोण एकदम ताठ होतात. दोरा बेताने ओढा, काड फाटतं. आणि गोंद नकोच.

असा एक मोठा मधोमध ठेवा. चार सेंटिमीटरच्या तुकड्यांचे छोटे त्याच्या खालच्या टोकाला आणि चारही बाजूंच्या कोपऱ्यांना लोंबकळू द्या. समोरासमोरचे सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर झुंबर एका अंगाला झुकतं.

सांध्यांवर टिशू कागदाची फुलं लावतात. गोल चकत्या कापायच्या, चार-पाच एकावर एक ठेवून दोऱ्यात ओवायच्या, कडा बोटांनी चुरगाळायच्या. लाल, हिरवा, गुलाबी बिनधास्त वापरा. सगळं फिकट, एका रंगाचं करायची हल्लीची फॅशन मला पटत नाही. जुन्या घरांत पायोंक भडकच असायचे.

टांगताना तार नको, एकच दोरा घ्या, म्हणजे दार उघडलं तरी तो फिरतो. चुलीपासून मात्र लांब ठेवा: काड पेट घेतं, आणि काजळीने फुलं काळी पडतात.