जुना पिकअप बदलताय? आरव्ही ओढणाऱ्यांनी या चुका टाळा

मार्च उजाडला की मला फोन यायला लागतात. मंडळातलं कुणीतरी, नाहीतर कुणाच्या तरी ऑफिसातला मित्र. "ट्रक म्हातारा झाला रे, या उन्हाळ्यात यलोस्टोन ठरलंय, नवीन कुठला घेऊ?" मी डेनव्हरजवळ राहतो, फिफ्थ व्हील (ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या पेटीत, जोडायचं चाकांवरचं घर, आरव्हीचाच एक प्रकार) ओढतो आणि ट्रकखाली शिरायची मला खोड आहे, एवढंच माझं भांडवल. फोन करणाऱ्याने बहुतेक वेळा रंगापासून सीटच्या चामड्यापर्यंत सगळं ठरवलेलं असतं. त्याला माझ्याकडून फक्त "घे बिनधास्त" ऐकायचं असतं. ते मी म्हणत नाही, म्हणून काही लोकांनी फोन करणं सोडलंय. असो.

जाहिरातीतला आकडा धरून ट्रक घेणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण दहातले आठ जण इथेच आपटतात.

टीव्हीवर, माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, २०,००० पौंड ओढतो. ओढतो, खोटं नाही. पण फिफ्थ व्हील नुसतं मागे लटकत नाही, ते ट्रकच्या पाठीवर बसतं. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, किंगपिनवरून, म्हणजे त्याच्या नाकाखालच्या जोडखुंटीवरून, थेट मागच्या ॲक्सलवर उतरतो. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीच्या, बॉलवर येतो. ट्रक किती ओढतो यापेक्षा किती पेलतो यावर आधी घोडं अडतं.

पेलायचा आकडा जाहिरातीत सापडणार नाही. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर कधीही नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा त्या एका ट्रकचा पेलोड. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या ट्रकवर तो शेकडो पौंडांनी वेगळा असू शकतो, कारण डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, सनरूफ, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या या सगळ्यांचं वजन त्यातूनच वजा झालेलं असतं. ट्रक जितका नटवलेला, तितका पेलोड कमी.

आता हिशोब करू. फिफ्थ व्हील १४,००० पौंडांचं, म्हणजे पिनवर २,८००. हिच १८०. नवरा-बायको आणि दोन वाढती मुलं, ६००. मागे जनरेटर, हत्यारांची पेटी, थोडं सरपण, २००. बेरीज ३,७८०. पाऊण टनी डिझेल, म्हणजे २५० किंवा २५०० आकड्याचा ट्रक, वरच्या ट्रिममध्ये घेतला तर स्टिकरवर बरेचदा २,००० च्या आसपासच आकडा दिसतो. पुढचं तुम्हीच बघा.

आमचे एक स्नेही आहेत, मूळचे सांगलीकडचे. त्यांच्याकडे २००२ चा एक टनी डिझेल होता. दारं गंजलेली, एसी मरणासन्न, पण माल पेलायला पैलवान. तो देऊन त्यांनी नवा कोरा पाऊण टनी घेतला. ताकद जुन्याच्या जवळजवळ दुप्पट, सीटा गार होणाऱ्या. सेल्समनने सांगितलं, "सर, हा तुमचं घर ओढून नेईल." घर नेलं असतंही कदाचित. पहिल्याच सहलीला निघताना ट्रक मागून असा बसला, की हेडलाइट समोरच्या घराच्या पन्हाळीवर. स्टीअरिंग हलकं लागायला लागलं, कारण पुढच्या चाकांवरचा भार उचलला गेला होता. मग एका दुकानदाराने मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, एअरबॅग, बसवून दिल्या. ट्रक सरळ दिसायला लागला आणि साहेब खूश.

एअरबॅगने ट्रक दिसतो सरळ, पण त्याची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. ॲक्सल तोच, चाकं तीच, ब्रेक तेच. हे मी तोंडाने सांगून पटलं नाही, म्हणून त्यांना भरलेल्या ट्रेलरसकट हायवेवरच्या ट्रक स्टॉपला, कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, नेलं. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. आत जाऊन कागद घेतला. ट्रकची कमाल मर्यादा १०,००० पौंड, काट्यावर ११,७०० च्या आसपास. मागचा ॲक्सलही त्याच्या स्वतःच्या मर्यादेबाहेर. वहिनींनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे जुना बरा होता?"

बरा होताच. शेवटी तो नवा ट्रक वर्षाच्या आत देऊन टाकला आणि एक टनी डुअली, मागे चार चाकांचा, आला. मधल्या घसाऱ्यात जे पैसे गेले, त्यात चार जण भारतात जाऊन आले असते.

काहीजण म्हणतात, पाऊण टनी आणि एक टनी यांत फरक तो काय, चार पात्यांच्या स्प्रिंगचा, बाकी ट्रक तोच. काही मॉडेलांत हे बरंचसं खरंही आहे, आणि १०,००० पौंडांची मर्यादा ट्रकच्या वजनाच्या वर्गवारीच्या सीमेमुळे येते हेही खरं. तरी मी त्या वादात पडत नाही. अपघात झालाच तर समोरच्याचा वकील तुमच्या स्प्रिंगा मोजत बसणार नाही, दारावरचं स्टिकर वाचेल.

माझी पद्धत अशी. नव्या ट्रकचा विचार डोक्यात आला की जुन्याच ट्रकने, सहलीचं सगळं सामान भरलेलं असताना काट्यावर जायचं. एकदा ट्रेलरसकट, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज पहिल्या वेळी जितकी जास्त भरली, तितकं तुमचं खरं पिनवजन. कंपनीच्या कागदावरचं पिनवजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात आपला कुकर, बिडाचा तवा, वीस पौंडी आट्याची पिशवी आणि पाण्याची टाकी नसते. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ६० गॅलन म्हणजे ५०० पौंड झाले. ती चिठ्ठी खिशात घालून डीलरकडे जायचं आणि बॉनेट उघडण्याआधी दार उघडायचं. सेल्समन तेवढ्यात घोड्यांच्या शक्तीबद्दल बोलत असतो. बोलू द्यावं.

ट्रक घेतला, ट्रेलर बसतो का ते पाहिलंच नाही

जुन्याला हिच होती, ती काढून नव्याला लावू, हा दुसरा गोड गैरसमज. जुन्या ट्रकमध्ये बेडला भोकं पाडून रूळ बसवलेले असतात. हल्लीच्या ट्रकना कारखान्यातूनच हिचसाठी खाचा येतात, पण पॅकेज घेतलं असेल तरच, आणि प्रत्येक कंपनीच्या खाचा वेगळ्या. मागचा रिसीव्हर, म्हणजे हिचची दांडी घालायची चौकोनी नळी, हाही आता अडीच किंवा तीन इंचांचा असतो. जुनी दोन इंची दांडी त्यात खडखडते, मधे स्लीव्ह लागते.

पण खरी गंमत उंचीत आहे. नवे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक जुन्यांपेक्षा उंच. बेडची कड आणि ट्रेलरचं नाक यांच्यात निदान सहा इंच मोकळे हवेत. ते कमी असतील तर पेट्रोल पंपाच्या उतारावर, जिथे ट्रक खाली आणि ट्रेलर वर असं होतं, तिथे कड ट्रेलरच्या पोटाला लागते. तो आवाज एकदा ऐकला की माणूस गाणी लावायचं विसरतो. मग लोक हिच वर घेतात, ट्रेलर नाक वर करून चालायला लागतो, भार त्याच्या मागच्या ॲक्सलवर जातो आणि ते टायर तापतात.

बेडच्या लांबीचंही तसंच. आठ फुटी बेडवरून साडेसहा फुटीवर आलात, तर अरुंद वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेपर्यंत येतो. यावर सरकती हिच मिळते, पण साधी असेल तर वळणाआधी खाली उतरून हाताने सरकवावी लागते. रात्री दहाला, पाऊस पडत असताना, कॅम्पग्राउंडच्या झाडांमध्ये रिव्हर्स घेताना ते कुणाला आठवतं? ज्यांचं रोजचं पार्किंग आठ फुटी बेड घेऊ शकतं, त्यांनी निमूटपणे आठ फुटी घ्यावा. "मॉलमध्ये पार्क करायला जड जातं" ही सबब मला पटत नाही. मॉलला बायकोची कार न्या.

मी टेप घेऊन जातो. सपाट जमिनीवर ट्रेलर समतल करायचा, जमिनीपासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं. मग डीलरच्या अंगणात जमिनीपासून बेडच्या कडेपर्यंत. भार आल्यावर ट्रक दोनेक इंच खाली बसेल, तेवढं कडेच्या उंचीतून वजा करायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण टेस्ट ड्राइव्हचा उत्साह इतका दांडगा असतो की ती पाच मिनिटं कुणालाच सापडत नाहीत.

जुना डिझेल घाईत उचलणं

नव्याच्या किमती बघून बरेच जण वापरलेल्याकडे वळतात. शहाणपणाचं आहे, घाई नसेल तर. फोर्डचा २००३ ते २००७ चा ६.० लिटर पॉवरस्ट्रोक हेड गॅस्केट आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) कूलरसाठी कुप्रसिद्ध आहे. "काम करून घेतलंय" म्हणणाऱ्याकडे पावत्या मागा. शेव्हरोले-जीएमसीच्या २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स डिझेलमध्ये सीपी४ हा इंधनपंप होता. तो गेला तर धातूचा चुरा सगळ्या इंधनयंत्रणेत पसरतो आणि खर्च पाच आकडी होतो.

"डिलीट केलेला" ट्रक, म्हणजे धुराची गाळणी आणि ईजीआर काढून टाकलेला, घेऊ नका. संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्याखाली ते बेकायदा आहे, कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमध्ये नापास होतो, आणि बरेच अधिकृत गॅरेजवाले हात लावत नाहीत. विकणारा मात्र ते सद्गुण असल्यासारखं सांगतो.

बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. मी ठरलेल्या वेळेच्या आधीच पोचतो आणि बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर नमस्कार करून परत. डिझेलची दुखणी थंडीत उठताना दिसतात. मग खाली शिरायचं. आमच्याकडे कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराईड फवारतात, ओहायो-मिशिगनकडे मीठ. दोन्ही लोखंडाच्या मुळावर येतात. जुन्या ट्रकच्या चॅसीला ताजा काळा रंग दिसला की हातोडीने टकटक करून बघा. टणक वाजलं तर ठीक, पापुद्रा निघाला तर घरी या. डॅशबोर्डवर इंजिनचे तास दाखवणारा मेन्यू असतो, तोही पाहा. मैल कमी आणि तास भरमसाट, म्हणजे ट्रक कुठल्यातरी बांधकामावर दिवसभर नुसता धडधडत उभा होता.

डिझेलच हवा, हा हट्ट

आपल्याकडे ट्रक म्हटलं की डिझेल, हे डोक्यात बसलंय. वर्षात दोन-तीन सहली आणि एरवी शाळा-बाजार, असा वापर असेल तर डिझेलच्या धुराची गाळणी नीट जळून साफच होत नाही. तिला हायवेची दौड लागते. पेट्रोल इंजिन हलकं, स्वस्त, आणि पेलोडही वाढतो. फोर्डने २०२० पासून दिलेला ७.३ लिटर पेट्रोल चांगला आहे. आकडा जुन्या ७.३ डिझेलचाच, म्हणून जाहिराती वाचताना गफलत होते. पण डोंगरात राहत असाल तर गोष्ट वेगळी. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, तिथे तिसरा हिस्सा गेलेला असतो. आणि त्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडचा सात टक्क्यांचा उतार डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकवर (धूर अडवून इंजिननेच वेग रोखणारा ब्रेक) आरामात उतरतो, तर एरवी खालच्या गियरला टाकायचा कंटाळा करणाऱ्यांच्या ब्रेकचा वास गावात आधी पोचतो.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. निळ्या झाकणाच्या टाकीत डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) घालायचं, डिझेलच्या टाकीत कधीच नाही. चुकून घातलं तर किल्ली फिरवूसुद्धा नका. नवा ट्रक आणल्या आणल्या ट्रेलर जोडू नका, कंपनीप्रमाणे ५०० ते १,००० मैल आधी मोकळे चालवा, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. टायरवरच्या डॉट आकड्याचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, मग बाहेरून कितीही काळेभोर दिसोत. ट्रक-ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या वर जात असतील तर आपल्या राज्याचा परवान्याचा नियम आधी वाचा. सात वर्षांचं कर्ज काढून ट्रक घेणाऱ्याशी मी बोलत नाही.

जुना विकण्याआधी नव्याने एक छोटी सहल करून या, जवळच्याच स्टेट पार्कला, काट्यावरून जात. सगळं जुळलं की मग जुन्याची हिच, रूळ आणि वेगळा लावलेला ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारी डबी) काढून घ्या. गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही, आणि मंडळात त्याच मापाचा जुना ट्रक चालवणारा कुणी ना कुणी ते शोधतच असतो.