ऑफिसात इंटरनेटवरचे फोन लावताय? मग या चुका टाळा

जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) काढून आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे फोन लावले की थोड्याच दिवसांत तक्रार सुरू, आवाज तुटतोय. मग साहेब म्हणतात कंपनीच फालतू आहे, बदलून टाका. अहो जरा थांबा, बहुतेक वेळा घोळ आपल्याच राउटरमध्ये असतो आणि तो तसाच ठेवून कंपनी बदलली तर नव्या कंपनीलाही आपण तेच ऐकवणार.

"आमची लाइन २०० एमबीपीएसची आहे हो" हे तर ठरलेलं वाक्य. पण कॉलला स्पीड लागतोच किती? जी.७११ कोडेकवर (आवाज डेटात बदलायची एक पद्धत) एका कॉलला जाताना साधारण ९० केबीपीएस आणि येताना तेवढेच, म्हणजे दहा जण एकदम बोलत असले तरी १ एमबीपीएसच्या आत काम भागतं. खरी भानगड होते ती सीसीटीव्हीचं फुटेज नाहीतर टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढायला लागला की, सगळं अपलोड त्यात भरून जातं, आवाजाचे पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मागे रांगेत अडकतात आणि समोरचा नुसता हॅलो हॅलो करत बसतो. राउटरमध्ये क्यूओएस (कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं सेटिंग) लावून आवाजाला पुढे सोडा, बॅकअप रात्री घ्या. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत असला की बोलणं नीट होतं. आणि डेस्कवरच्या फोनला केबलच द्या, वायफायचा हट्ट नको.

कॉल लागतो, पण बरोबर ३२ सेकंदांनी कटतो? किंवा एकालाच ऐकू येतं? हे नेटवर्क स्लो असल्याचं लक्षण नाही. कॉल उचलल्याची पोच परत पोचत नाही म्हणून सिस्टीम ३२ सेकंद वाट बघून फोन ठेवते. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग असतं, मदत करायला म्हणून दिलंय पण करतं उलटंच, आधी ते बंद करून बघा.

पासवर्डचा तर आनंदच असतो. एक्स्टेन्शन १०१, पासवर्ड पण १०१! इंटरनेटवर ५०६० पोर्ट (इंटरनेट फोनचा नेहमीचा दरवाजा) उघडा दिसला की बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लगेच असले पासवर्ड लावून बघतात, आत शिरले की रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल सुरू, आणि बिल आपल्या नावावर. आयएसडी लागत नसेल तर बंदच करून घ्या.

स्वस्तात मिळतंय म्हणून कुठल्यातरी बिनलायसन्सवाल्याकडून लाइन घेऊ नका, परदेशातले कॉल सिम बॉक्समधून (भरपूर सिमकार्डं बसवलेलं यंत्र) लोकल करून फिरवणाऱ्यांवर आपल्याकडे पोलिसांच्या धाडी पडतात. जाहिरातीचे कॉल करणार असाल तर त्यासाठी १४० ची सिरीज आहे, साध्या नंबरवरून लावलेत तर नंबर बंद पडू शकतो.

लाइट गेल्यावर काय होणार, हे पण आधीच बघा. जुन्या लँडलाइनला करंट एक्स्चेंजमधून यायचा, आता फायबरचा डबा, राउटर, स्विच सगळंच यूपीएसवर पाहिजे, नुसता कॉम्प्युटर नाही. लिफ्टमधला फोन किंवा अलार्म जुन्या लाइनवर आहे का तेही विचारून घ्या.

आणि जुना नंबर. मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर आपल्याकडे पोर्ट होत नाही, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर, दुकानाच्या बोर्डावर तोच असेल तर जुनं कनेक्शन घाईने सरेंडर करू नका. त्यावर कॉल फॉरवर्ड लावा किंवा एफएक्सओ गेटवे नावाचा डबा घेऊन ती तांब्याची लाइन नव्या सिस्टीमला जोडा.