गणित सुटलं तरी टाळ्या वाजवा की!

मॅच जिंकून पोरगी घरी आली की काय होतं आठवा जरा. दारातूनच आरडाओरडा, गळ्यात मेडल, फोटो, आजीला लगेच व्हिडिओ कॉल, आणि शेवटच्या मिनिटाला गोल कसा मारला ते चार वेळा सांगून झालं तरी पाचव्यांदा ऐकायला आपण तयार. तीच पोरगी आठवडाभर अडलेलं गणित सुटलं म्हणून वही नाचवत आली की आपण मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, "अरे वा, छान. बरं ते दप्तर जागेवर ठेव."

मुद्दाम नाही करत कोणी, पण खेळ दिसतो आणि अभ्यास दिसत नाही ना, तिथेच सगळी गोची आहे. मैदानावर प्रेक्षक असतात, स्कोअर असतो, शिट्टी वाजली की निकाल तिथल्या तिथे. अभ्यास चालतो खोलीत एकट्याने, आणि त्याचा निकाल कितीतरी दिवसांनी एक आकडा होऊन येतो, तोवर त्यामागची झटापट पोरालाही आठवत नसते. म्हणून करायचं काय, तर ती झटापट बघायला जायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे मॅचचा रिप्ले मागतो तसा अभ्यासाचा रिप्ले मागा. "कुठे अडलं होतं? मग काय सुचलं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. आपल्याला ते गणित कळलं नाही तरी चालतं, ऑफसाइडचा नियम तरी कुठे कळतो सगळ्यांना, टाळ्या वाजवतोच की. फक्त मध्येच "हे अक्षर असं का काढलंस" सुरू करू नका, मी हे केलंय आणि पुढचे पंधरा दिवस मला वही दाखवली गेली नाही.

आता कौतुक कशाचं करायचं. "किती हुशार आहेस गं" हे तोंडातून आपोआप निघतं, माझ्याही निघतं, पण 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले ते कळल्यापासून मी जीभ चावते. मुलांना आधी कोडी दिली, मग काहींना सांगितलं तू हुशार आहेस, काहींना सांगितलं तू मेहनत घेतलीस. बास, एका वाक्याचा फरक. तर हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढे आपल्याला हमखास जमेल असंच काम निवडलं, मध्ये मुद्दाम अवघड कोडी देऊन आपटवल्यावर त्यांचा स्कोअर पहिल्यापेक्षा खाली गेला आणि वर आपला स्कोअर फुगवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. म्हणजे हुशारीचं लेबल सांभाळण्यातच जीव जातो पोरांचा. त्यापेक्षा "तीन वेळा खोडलंस आणि चौथ्यांदा वेगळ्या बाजूने गेलास, ते भारी होतं" असं नेमकं काहीतरी बोला. पण मेहनत घेतलीच नसेल तर उगाच मेहनतीचं कौतुक नको, पोरांना लगेच कळतं, ती आपल्यापेक्षा चतुर असतात त्या बाबतीत.

बक्षिसांचं थोडं जपून. "नव्वद टक्के आण, सायकल घेतो" हा सौदा झाला, कौतुक नव्हे. 1973 चा एक प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा, बालवाडीतल्या चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर केलेला. ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती, आणि ज्यांना तेच सर्टिफिकेट अचानक हातात मिळालं त्यांची आवड मात्र तशीच राहिली. म्हणून बक्षीस द्यायचंच तर न सांगता द्या.

शाळेत तुमचं कोणी ऐकत असेल तर हेही सुचवा. ज्या कार्यक्रमात टीमला स्टेजवर बोलावता त्याच कार्यक्रमात सायन्स प्रोजेक्टवाल्या ग्रुपलाही बोलवा, ट्रॉफी तेवढीच मोठी द्या, फोटो त्याच भिंतीवर लावा. आणि पहिले तीन नंबर सोडून इतरांनाही जागा ठेवा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड 1959 पासून चालू आहे, दोन दिवसांत फक्त 6 प्रश्न, रोज साडेचार तास, आणि तिथे साधारण निम्म्या स्पर्धकांना मेडल मिळतं, शिवाय मेडल हुकलं पण एक प्रश्न पूर्ण बरोबर सोडवला तर त्याचीही वेगळी नोंद होते. एवढी अवघड स्पर्धा एका प्रश्नाचं कौतुक करते तर आपल्या वर्गात का नाही जमणार? सगळ्यात चांगला प्रश्न विचारणारा, वर्षाच्या सुरुवातीला वाचताना अडखळणारा आणि आता घडाघडा वाचणारा, अशांना बोलवा.

आणि हरल्यावर काय? मॅच हरल्यावर घरी येताना आपण पाठीवर हात ठेवून म्हणतो, जाऊ दे, दुसऱ्या हाफमध्ये चांगलं खेळलास. पेपर अवघड गेला की मात्र शेजारच्याला किती पडले ते विचारतो. तेच मैदानावरचं वाक्य इथे वापरून बघा, म्हणजे पेपर हातात घेऊन बरोबर आलेला एखादा अवघड प्रश्न आधी शोधायचा, चुकलेल्याचं उद्या बघू.

फॅमिली ग्रुपवर मार्क टाकण्याआधी पोराला विचारा, काहींना अजिबात आवडत नाही. भावंडांची तुलना तर नकोच. आणि अभ्यासाचं कौतुक वाढवायचं म्हणून खेळाचं कमी करू नका, ते राहू दे तसंच.

आमच्याकडे शेल्फवर मेडलं होती चार-पाच, त्यांच्या शेजारी मी तिची गणिताची वही उभी करून ठेवली, खोडून खोडून फाटलेलं पान समोर येईल अशी. तिने दुसऱ्या दिवशी ती काढून घेतली, म्हणाली, "अगं आई, अजून पुढचं सोडवायचंय त्यात."