मोठा ॲम्प लावण्याआधी गाडीचं वायरिंग असं तयार करा

बासच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंद व्हायला लागले की दुकानदार ठरलेला सल्ला देतो: कपॅसिटर लावा, नाहीतर मोठी बॅटरी घ्या. दोन्हींत फायदा त्याचा. 1 फॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा डबा, 14.4 व्होल्टवरून 12 वर उतरेपर्यंत जेमतेम 32 ज्यूल ऊर्जा देतो. 1000 वॉट ओढणारा ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) ती सेकंदाच्या तिसाव्या भागात फस्त करतो. आणि बॅटरी काही वीज तयार करत नाही. इंजिन चालू असताना करंट निघतो अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रातून, आणि त्याला परत जायचं असतं तेही अल्टरनेटरकडेच. घोळ असतो तो बहुतेक वेळा या परतीच्या वाटेवर, आणि तिकडे कोणी बघतच नाही. त्यामुळे पैसे आधी तारांवर आणि अर्थिंगवर, म्हणजे मायनस बाजू गाडीच्या बॉडीला जोडण्यावर घाला. अल्टरनेटरचं नाव नंतर काढा.

पहिलं काम हिशेबाचं. ॲम्पच्या खोक्यावर 5000 वॉट छापलंय म्हणून भुलू नका, त्याच्या अंगावरचे फ्यूज बघा. 40 अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर तो 80 अँपिअरपेक्षा फार काही ओढणार नाही. 13.8 व्होल्टने गुणलं की साधारण 1100 वॉट आत जातात, आणि क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प असेल तर त्यातले सुमारे 80 टक्के, म्हणजे 880 वॉट, स्पीकरला मिळतात. बाकी सगळी जाहिरात. आता अल्टरनेटरचा स्टिकर वाचा. त्यावरचा आकडा वाढलेल्या आरपीएमचा असतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तो त्याहून बराच कमी देतो, आणि त्यातूनही एसी, दिवे आणि रेडिएटरचा पंखा आपला वाटा आधी घेतात. गाण्यात सतत पूर्ण ताकद लागत नाही, म्हणून एवढ्यावर निभावतं.

तार तांब्याचीच घ्या. ‘ॲम्प किट’ म्हणून स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तारेतला एक केसर, म्हणजे बारीक तंतू, ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं की परत करा. तसल्या तारेला त्याच करंटसाठी दीडपट तरी जाडी लागते, आणि दमट हवेत तिचे सांधे लवकर खराब होतात. मी किटच्या वाटेला जात नाही. मुंबईत लोहार चाळीसारख्या इलेक्ट्रिकल बाजारात बारीक केसरांची तांब्याची फ्लेक्सिबल केबल मीटरवर मिळते. 80 ते 100 अँपिअरला 35 स्क्वेअर एमएम, त्यापुढे 50. लग, म्हणजे तारेच्या टोकाला लागणारी धातूची कडी, मात्र हातोडीने ठोकून बसवू नका. पॅनेल बोर्ड बनवणाऱ्याकडे हायड्रॉलिक क्रिम्पर असतो, तो दोन मिनिटांत दाबून देतो.

बॅटरीची मायनस काढून कामाला लागा. बोनेटखाली तीन तारा वाढवायच्या: अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडीपर्यंत. कंपनीच्या तारा काढू नका, शेजारून नव्या टाका. पहिल्या तारेला स्वतंत्र फ्यूज हवाच, नाहीतर कंपनीने दिलेलं संरक्षण तुम्ही वळसा घालून टाळलेलं असतं. तिसरी तार लोक हमखास विसरतात. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे परतणारा सगळा करंट कंपनीच्या एका बारक्या पट्टीतून अल्टरनेटरकडे जातो.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तो असेल तर नवी मायनस तार थेट टर्मिनलला लावू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडीच्या बाजूला लावा. नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर चुकीचा हिशेब धरून चार्जिंग बिघडवतो.

बॅटरीच्या प्लसपासून डिकीतल्या ॲम्पपर्यंतची मुख्य तार फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून नेताना भोकातल्या रबरी ग्रोमेटमधूनच न्या. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो: 35 स्क्वेअर एमएमच्या तारेला 150 अँपिअरचा पुरे. आरसीए केबल, म्हणजे गाण्याचा सिग्नल नेणारी तार, गाडीच्या दुसऱ्या बाजूने.

आता अर्थिंग. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. पहिला: ‘मल्टिमीटरवर बीप वाजला, अर्थिंग ओके.’ अजिबात नाही. काही ओहम रोध असला तरी बीप वाजतो. आपली अडचण मिलीओहममधली आहे. 80 अँपिअरला 5 मिलीओहम म्हणजे 0.4 व्होल्ट हवेत गेले, आणि साध्या मीटरच्या नुसत्या वायरींचा रोध त्याच्या कित्येक पट असतो.

दुसरा: ‘सीटबेल्टचा बोल्ट आयता आहे, तिथे लावा.’ त्या बोल्टवर माणसाचा जीव टांगलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. शिवाय त्याच्या आट्यांवर बऱ्याचदा गोंदासारखा थर असतो, करंट नीट जातच नाही. स्वतःचा 8 एमएमचा बोल्ट टाका, जाड पत्र्यात, ॲम्पपासून दीड फुटाच्या आत. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या सीटच्या बाजूला पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची लाइन असते.

लगपेक्षा थोडी मोठी जागा घासायची. वरचा रंग निघाला की आत करडा प्रायमर दिसतो आणि तोच पत्रा समजून लोक थांबतात. चकचकीत रुपेरी धातू दिसेपर्यंत घासा. पत्र्यावर थेट लग, त्यावर स्टार वॉशर, मग नट. पत्रा आणि लग यांच्यामध्ये काहीही नको. आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस फासा, कोकणात तर नक्कीच. खारी हवा उघड्या पत्र्याला सोडत नाही. हेड युनिटचं (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचं) अर्थिंगही इथेच आणलंत तर आरपीएमबरोबर वाढणारी ती किणकिण बऱ्याचदा थांबते.

मग खरी परीक्षा. इंजिन चालू ठेवा, 50 हर्ट्झचा टोन लावा, पण पाच-सात सेकंदच, नाहीतर सबवूफरची कॉइल जळेल. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब ॲम्पच्या मायनसवर, काळा बॅटरीच्या मायनसवर. 0.1 व्होल्ट आलं तर उत्तम, 0.2 पर्यंत चालेल, 0.3 च्या वर गेलं तर उकला. कुठे उकलायचं तेही मीटरच सांगतो: काळा तिथेच ठेवून लाल आधी लगवर, मग बोल्टच्या डोक्यावर, मग शेजारच्या उघड्या पत्र्यावर टेकवा. आकडा जिथे एकदम पडेल तिथे चोर आहे. पत्र्यावरही तो मोठाच राहिला तर दोष तुमच्या बोल्टचा नाही, बॉडीच्या जोडांचा किंवा पुढच्या मायनस तारेचा. पुढची तार तपासा. ती ठीक असेल तर मायनसचीही तार डिकीपर्यंत ओढा.

एवढं करून झाल्यावर एसी आणि दिवे लावून नेहमीच्या आवाजात बॅटरीवर व्होल्टेज बघा. 13 च्या वर टिकलं तर काम संपलं, खिशात हात घालू नका. सतत 12.5 च्या खाली जात असेल तरच अल्टरनेटर कमी पडतोय. मग जास्त अँपिअरचा बसवा, पण बदलण्याआधी आयडलला तो किती देतो ते विचारा, कारण ट्रॅफिकमध्ये तोच आकडा उपयोगी. ज्या गाड्यांत अल्टरनेटरच स्टार्टरचंही काम करतो, किंवा कॉम्प्युटरच व्होल्टेज खालीवर करतो, तिथे या भानगडीत पडू नका. तिथे व्होल्टेज मुद्दाम खाली आणलेलं असू शकतं, त्यामुळे वरची मोजणीही फसवते. ॲम्प छोटा घ्या. डिकीत दुसरी बॅटरी ठेवायची तर एजीएम, म्हणजे सीलबंद प्रकारचीच, तिच्या प्लसलाही वेगळा फ्यूज लावून. आणि पहिला पावसाळा संपला की अर्थिंगचा बोल्ट उघडून परत एकदा तीच मोजणी करा.