दुसऱ्याच्या ओळी आपल्या लेखात घेताना

कवितेवर लिहू लागलेली मंडळी मला हमखास विचारतात, ‘किती ओळी घेतल्या तर चालतात?’ कुणी चार ओळी ऐकलेल्या असतात, कुणी दहा टक्के. असा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बघा. तिथे हेतू दिलेले आहेत: स्वतःचा अभ्यास आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. यांपैकी एखाद्या कामासाठी रास्त प्रमाणात मजकूर घेतला तर परवानगी लागत नाही. अमेरिकेतल्या ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापराच्या तिथल्या नियमात, हेतूंची यादी मोकळी असते. आपल्याकडे तुमचं लिखाण आधी या यादीत बसावं लागतं. त्यामुळे अमेरिकी सल्ले वाचून इथे निर्धास्त राहू नका.

मी मराठी कवितांची रसग्रहणं लिहिते, आणि माझ्या दिवंगत आत्याच्या कवितांचे हक्कही माझ्याकडे आहेत. म्हणजे मी परवानगी मागतेही आणि देतेही. दोन्हीकडून पाहिल्यावर मला एकच कसोटी खरी वाटते: घेतलेल्या ओळीने तुमच्या लेखात काम केलं पाहिजे.

आकडा का फसवा आहे, ते बालकवींच्या ‘औदुंबर’वरून कळेल. ही कविता आठच ओळींची. बालकवी १९१८ साली गेले, त्यामुळे ती कॉपीराइटमधून केव्हाच मुक्त झाली आहे, खुशाल पूर्ण छापा. पण आजच्या एखाद्या कवयित्रीची तशीच आठ ओळींची कविता असेल, तर ‘चारच तर घेतल्या’ म्हणजे निम्मी कविता उचलली. उलट तीनशे पानी कादंबरीतला अख्खा परिच्छेदही परीक्षणात रास्त ठरू शकतो.

केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या होत्या. मूळ नाटकावर टीका करणारं ते नाटक, आणि त्यात मूळातला बराच भाग आलेला. न्यायालयाने विचारलं: आपल्या टीकेच्या मानाने घेतलेला भाग किती आणि किती मोलाचा? तो कशासाठी घेतला? आणि नव्या कृतीमुळे मूळ कृतीशी स्पर्धा होईल का? प्रयोगाला परवानगी मिळाली. लेख पाठवण्याआधी मी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारते.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. समजा, वीस ओळींची कविता आहे. वर ‘आज वाचलेली एक अप्रतिम कविता’, मग वीसच्या वीस ओळी, खाली ‘मन हेलावून गेलं’ आणि ‘साभार’. हे परीक्षण नाही, पुनर्मुद्रण आहे. आता दुसरी रीत. तुम्ही लिहिता की पहिल्या कडव्यात आई ‘तू’ आहे आणि शेवटच्या कडव्यात ती ‘ती’ होते. हा बदल दाखवायला पहिल्या कडव्यातल्या दोन ओळी आणि शेवटच्या कडव्यातल्या दोन ओळी देता, आणि मग त्या सर्वनामाने आईचं जाणं कसं सांगितलं, यावर दोन परिच्छेद लिहिता. इथे चारही ओळी पुरावा म्हणून आल्या आहेत. शिवाय उरलेली कविता वाचायला वाचकाला संग्रहाकडे जावंच लागतं.

‘साभार’बद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आणि परवानगीची गरज नसली म्हणून नाव गाळायचीही मुभा नाही. कलम ५७ नुसार लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि आपल्या कृतीची मोडतोड करून कुणी प्रतिष्ठेला धक्का लावला तर दाद मागण्याचाही. आत्याची एक कविता शेवटचं कडवं कापून, ‘अज्ञात’ या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. त्या कडव्यातच तिने सगळा अर्थ उलटा केला होता! म्हणून हात जोडून सांगते, फॉरवर्डमधून उतरवून घेऊ नका. ग्रंथालयात जा, संग्रह काढा, ओळी जिथे तुटतात तिथेच तोडा, कवितेचं शुद्धलेखन सुधारू नका, गाळलं तिथे टिंबं द्या. कवीचं नाव, संग्रह, प्रकाशक, वर्ष आणि पान लिहा.

मुक्त काय झालं, याचा हिशेब असा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांची कविता २०१७ पासून मुक्त. पु. ल. २००० साली गेले, त्यांचं लेखन २०६० अखेरपर्यंत संरक्षित. मात्र मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांचा संग्रह १९५२ साली आला, म्हणून तो २०१३ पासून मुक्त. जुन्या ग्रंथांत आणखी एक खाचखळगा असतो: ज्ञानेश्वरीच्या ओव्या सगळ्यांच्या, पण आजच्या अभ्यासकाने केलेला गद्य अनुवाद आणि टीपा त्याच्या.

भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाकडेच असतो. अख्खी इंग्रजी कविता मराठीत आणायची तर विचारावं लागतं. परीक्षणात दोन वाक्यं आणलीत तर ‘भाषांतर माझं’ असं लिहा. कल्पना, विषय आणि माहितीवर मात्र कुणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. तेव्हा स्वतःच्या शब्दांत मांडा, आणि विचार कुणाचा तेही सांगा.

पूर्ण कविताच हवी असेल तर पत्र लिहा. पुस्तकाच्या शीर्षकपानामागे हक्क कुणाचे ते छापलेलं असतं. बऱ्याचदा ते लेखकाचे किंवा वारसांचे असतात, प्रकाशकाचे नसतात. मला आलेलं सगळ्यात नेटकं पत्र साधारण असं होतं:

‘सप्रेम नमस्कार. तुमच्या आत्याबाईंच्या संग्रहातली पान ४१ वरची कविता माझ्या रसग्रहणासोबत पूर्ण द्यायची इच्छा आहे. लेखाचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. लेख विनामूल्य आहे, कविता फक्त याच लेखात वापरेन. श्रेय कसं द्यायचं आणि मानधन किती, ते कृपया कळवावं.’

कुठली कविता, कुठे, कशासाठी, पैशांचं काय, सगळं चार ओळींत आलं. मी त्याच दिवशी होकार कळवला. होकार लेखी घ्या आणि जपून ठेवा.

उत्तर आलं नाही तर आठवण करा. तरीही आलं नाही, तर गप्प राहण्याला होकार समजू नका. पूर्ण कविता बाजूला ठेवा, विवेचनाला लागतील तेवढ्याच ओळी घ्या, आणि संग्रह कुठे मिळतो ते लेखाखाली लिहा.