झोपलेल्याला कधी उठवावं आणि काय विचारावं

वेंगुर्ल्यात मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. प्रोजेक्टसाठी मुलं दरवर्षी ‘स्वप्नं’ हा विषय घेतात, गावभर प्रश्नावली वाटतात. पण सकाळी चहा होईपर्यंत स्वप्नातलं बरंचसं निसटलेलं असतं. म्हणून त्यांना मी झोपलेल्याला मधेच उठवून लगेच विचारण्याची, घरी करण्याजोगी पद्धत शिकवते.

तिचं मूळ शिकागो विद्यापीठातलं आहे. झोपेत मधूनमधून डोळे झपाझप हलतात, हे युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी माणसांना मुद्दाम झोपेतून उठवलं. डोळे हलत असताना १९१ वेळा उठवलं, तेव्हा १५२ वेळा स्वप्न सांगता आलं. डोळे स्थिर असताना १६० पैकी फक्त ११ वेळा. त्यांच्याकडे मेंदूचे आलेख काढणारं यंत्र होतं, आपल्याकडे टॉर्च आहे. तेवढ्यावर थोडंफार कळतं.

आधी माणूस निवडा. मोठं, धडधाकट आणि स्वतःहून तयार असलेलं. माझ्या सासूबाईंनी सरळ सांगितलं, “मधीच उठवलंस तर जीव घाबरतलो.” विषय तिथेच संपला, त्यांना पुन्हा विचारायचं नाही. पहाटे होडीवर जाणारा, गाडी चालवणारा, परीक्षेचं मूल, हृदयाचं दुखणं असलेलं माणूस, यांची झोप मोडू नका. त्या रात्री दारू घेतलेला माणूसही नको. दारूने रात्रीच्या पहिल्या भागातली हलत्या डोळ्यांची झोप दबते. आमच्याकडे धाकटे दीर तयार झाले, तेही दुसऱ्या दिवशी बागेत काम नव्हतं म्हणून.

नजर बसवायला घरातलं तान्हं बाळ उत्तम. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी हलत्या डोळ्यांची असते. फक्त पाहायचं, उठवायचं मात्र मुळीच नाही.

मोठ्या माणसात झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं असतं. पहिल्या आवर्तनात हलत्या डोळ्यांचा टप्पा अगदी थोडा वेळ टिकतो, पहाटेकडे लांबत जातो. अकराला झोपलेल्याजवळ बारा वाजता बसून राहण्यात अर्थ नाही. साडेतीन-चारनंतर बसा. मच्छरदाणीतून काही दिसत नाही, तिची एक कड आधीच वर खोचून ठेवा. टॉर्चवर लाल कापड बांधून उजेड भिंतीवर पाडा, चेहऱ्यावर नको. बाजूने पाहिलं की बुबुळावरचा फुगवटा पापणीखाली सरकताना दिसतो, चादरीखाली बोट फिरावं तसा. डोळा लागताना तो सावकाश घरंगळतो, ती ही झोप नव्हे. आपल्याला हव्यात त्या झटक्यांच्या सरी: तीन-चार हिसके, मग थांबा, पुन्हा हिसके. श्वास अनियमित होतो, बोटं किंचित फुरफुरतात, बाकी अंग सैल पडलेलं असतं.

अशी हालचाल पाच-एक मिनिटं दिसली की उठवा. डिमेंटनी पलंगाजवळ साधी दारावरची घंटा ठेवली होती. आपण नावाने एकदा स्पष्ट हाक मारावी. हलवू नये, दिवा लावू नये.

आणि आता प्रश्न. माझ्या मते सगळा प्रयोग यावरच उभा आहे. ‘स्वप्न पडलं का?’ असं विचारलंत तर अर्धवट झोपेतलं माणूस ‘नाही’ म्हणून कूस बदलतं. ‘आत्ता मनात काय चाललं होतं?’ एवढंच विचारा. डेव्हिड फौल्क्स यांनी १९६२ मध्ये असा मोकळा प्रश्न विचारला, तेव्हा डोळे स्थिर असतानाही पुष्कळ लोक काही ना काही सांगू लागले. डोळे हलले म्हणजेच स्वप्न, हे समीकरण तिथे सैल झालं.

म्हणूनच अधूनमधून डोळे शांत असतानाही उठवलं पाहिजे. आणि डोळे पाहणारा व प्रश्न विचारणारा वेगळा असावा. आमच्याकडे मी आत बसते. खूण केली की जाऊ पडवीतून येऊन विचारते. डोळे हलत होते की नाही, हे तिला ठाऊक नसतं, त्यामुळे तिच्या आवाजात अपेक्षा उतरत नाही. फोनचं रेकॉर्डिंग आधीच सुरू असतं. वहीसाठी पेन्सिल ठेवा. पावसाळ्यात कागद दमट होतो, पेन उमटत नाही.

एकदा दीर म्हणाले, “कलमाच्या शेंड्याला झेला लावत होतो, आंबा काय सुटेना.” (झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी.) अशा वेळी ‘वर बघत होता का?’ असं तोंडावर येतं. विचारू नका. डिमेंटच्या नोंदींत डोळे आडवे फिरत असलेल्या एकाने दोन माणसं एकमेकांवर टोमॅटो फेकताना पाहिल्याचं सांगितलं होतं, पण नजर आणि स्वप्न असं नेमकं जुळतंच का, यावर संशोधकांचं एकमत नाही. पाहणाऱ्याने डोळ्यांची दिशा आपल्या कागदावर आधीच लिहावी. दोन्ही कागद सकाळीच शेजारी ठेवायचे.

रात्रीतून दोनदाच उठवा, आणि पुढच्या रात्री त्यांना पुरतं झोपू द्या.

एक गोष्ट दिसली तर वही बाजूला ठेवा. हलत्या डोळ्यांच्या झोपेत स्नायू सैल असायला हवेत. माणूस स्वप्नाबरोबर लाथा-बुक्क्या मारत असेल, ओरडत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या आणि केलेलं रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवा.