घरातल्या धडपड्या उद्योजकाचं आख्खं आयुष्य कसं गोळा करायचं

आमचे आण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना काढला, नंतर शिरोली एमआयडीसीत गेले, मधेच बुलेट काढून महिनाभर गायब व्हायचे. ते गेले तेव्हा रक्षाविसर्जनाला जो उठेल तो तेच बोलत होता, दिलदार माणूस, शून्यातून विश्व उभं केलं वगैरे. खोटं काही नव्हतं पण त्यात आण्णा कुठंच नव्हते. मग मी त्यांचं आयुष्य लिहून काढायला घेतलं, दीड वर्ष गेलं, बऱ्याच चुका केल्या, तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्या तुम्ही करू नका म्हणून हे टाइप करतोय.

पहिलं म्हणजे त्याच दिवशी नंबर घ्या. खरे किस्से माइकवर येत नाहीत, बाहेर चहाच्या गाड्यावर चालू असतात. जुना मोल्डर म्हणजे वाळूचे साचे करणारा, त्या साच्यांचे लाकडी नमुने (पॅटर्न) करणारा सुतार, टेम्पोवाला, ही माणसं त्या दिवशी येतात आणि मग कागल नाहीतर राधानगरीकडं आपापल्या गावी जातात ती परत सापडत नाहीत. प्रश्न विचारत बसू नका तेव्हा, नुसतं नाव, गाव, नंबर.

नंतर भेटायला जाल तेव्हा "आण्णा कसे होते?" असं विचारायचं नाही, उत्तर येतं "देवमाणूस" आणि संपलं. त्यापेक्षा पहिली भट्टी कुठं होती, भट्टीचा कोळसा (कोक) कुठनं यायचा, पहिला माल परत आला तेव्हा काय झालं असं विचारा. आमचा मोल्डर या शेवटच्या प्रश्नावर दोन तास बोलला. ऑइल इंजिनच्या कास्टिंगचा आख्खा लॉट ब्लोहोल पडून परत आलेला, वाळूत पाणी जास्त झालं की ओतताना वाफ धरते आणि ती धातूत अडकून भोकं पडतात, चूक त्याचीच होती. आण्णा एक शब्द बोलले नाहीत, सगळा माल फोडून परत कुपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत टाकायला लावला, रात्री सगळ्यांना तांबडा-पांढरा खायला नेलं आणि पगाराला पैसे नव्हते म्हणून बुलेट विकली. हे कुठल्या बॅलन्सशीटमध्ये सापडणार सांगा!

रेकॉर्डिंग मोबाइलवरच करा, पण फ्लाइट मोडला टाकून, फॅन बंद करून, दोन फुटांवर ठेवून. पाऊण तासाच्या वर ताणू नका, म्हातारी माणसं दमतात. आणि हातात काहीतरी द्या, जुना फोटो, मापं घ्यायचा व्हर्नियर, कसलंही पत्र. वस्तू हातात आली की माणूस आपोआप सुरू होतो.

तारखांचं मात्र लई अवघड असतं. साल कुणालाच आठवत नाही, पण "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कामाला लागलो" हे आठवतं, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या आसपास. तसंच ७२ चा दुष्काळ, आणीबाणी, ८३ चा वर्ल्डकप. कागदावरनंही कळतं, लेटरहेडवर पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, कारण पिन तेव्हा सुरू झाला. फोटोतल्या गाडीवर एमएच ०९ असेल तर १९८९ च्या आधीचा तो फोटो नाहीच, कारण असले नंबर तेव्हापासून आले.

किस्से मात्र तपासून घ्या, माणूस साहसी असला की प्रत्येक सांगणारा दहा किलोमीटर वाढवतो. घरात सगळे सांगायचे आण्णा ८४ साली मनालीवरनं लेहला गेले. पण तो रस्ता सामान्य लोकांसाठी १९८९ ला खुला झाला, मग ८४ ला कसे गेले? महिनाभर मी हेच धरून बसलो की थाप आहे. शेवटी अल्बमच्या तळाशी श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजिला खिंडीच्या पाटीपाशी उभे असलेले आण्णा सापडले, मागं तारीख. म्हणजे गेले होते, पण श्रीनगरकडनं. लोकांनी नुसती वाट बदलली होती. पासपोर्ट असेल तर तो सगळ्यात आधी बघा, शिक्के थापा मारत नाहीत.

आता कागद. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी घरातले अल्बम पंचगंगेनं नेले, आमचेही निम्मे भिजले. चिकटलेले फोटो ओढून काढू नका, गार स्वच्छ पाण्यात ठेवा, आपोआप सुटू द्या, मग सावलीत आडवे वाळवा, उन्हात नाही. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरला टाकून ठेवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. मागं नाव लिहायचं तर पेन्सिलनं, हलक्या हातानं. स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि दोन ठिकाणी ठेवा, एक कॉपी दुसऱ्या गावात असली तर उत्तम. पेपरमधल्या जुन्या बातम्यांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन विचारा, १८५० ची लायब्ररी आहे ती.

अवघड काम म्हणजे ज्यांचं वाजलं त्यांच्याकडं जाणं. आण्णांचे पार्टनर वीस वर्षं बोलत नव्हते, मी घाबरतच गेलो, तर त्यांनी हिशोबाच्या वह्या जपून ठेवलेल्या! भांडण कशावरनं झालं ते त्यांच्या बाजूनंही लिहिलंय मी, चुलतभाऊ नाराज झाले, होऊ देत.

आणि काकूंना सगळ्यांसमोर विचारू नका. पोरं, सुना बसलेली असली की त्या फक्त "हो, खूप कष्ट केले त्यांनी" एवढंच म्हणतात. मी हे उशिरा शिकलो. छापायच्या आधी कच्ची प्रत घेऊन दुपारी एकटाच गेलो, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि बुलेटच्या पानावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "विकली नव्हती रे. तीन दिवस मेकॅनिककडं लपवून ठेवलेली. पगार माझ्या पाटल्यांतनं झाला, गुजरीत मोडल्या, मीच गेले होते."